सातबाऱ्यावर नाव लागल्यानंतर : जमीनवाटपाच्या लाभार्थ्यांसाठी सरकारी योजना व त्यांच्या अटी

नवी दिल्ली : भूमिहीन कुटुंबाला जमीन मिळाली, तरी विहीर, बियाणे आणि पहिल्या हंगामाचे भांडवल नसेल, तर ती पडीक राहते किंवा दुसऱ्याच्या वहिवाटीत जाते. हे ओळखून केंद्र व राज्य सरकारांनी नवभूधारकांसाठी वेळोवेळी योजना आखल्या. या मदतीचा मोठा भाग मात्र जमीन कधी, कोणत्या हक्काने आणि कोणाच्या नावे नोंदली गेली, यावर अवलंबून आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र शेतजमीन (जमीनधारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ हा २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. १९७५ मध्ये मर्यादा कमी करण्यात आल्या. बारमाही ओलिताच्या जमिनीसाठी १८ एकर, तर कोरडवाहू जमिनीसाठी ५४ एकर अशी मर्यादा ठरली. अतिरिक्त ठरलेली जमीन सरकारने ताब्यात घेऊन तिचे वाटप केले. पडीक जमीन भूमिहीनांना मिळावी, या मागणीसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेले सत्याग्रह हा या इतिहासाचा महत्त्वाचा भाग आहे.

अतिरिक्त जमीन मिळालेल्यांना जमीनसुधारणा व निविष्ठांसाठी अर्थसाहाय्य देणारी केंद्र पुरस्कृत योजना १९७५-७६ मध्ये सुरू झाली. त्यानंतर दशलक्ष विहीर योजनेतून अनुसूचित जाती-जमातींच्या अल्पभूधारकांना विहिरी देण्यात आल्या. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम, २००५ च्या पहिल्या अनुसूचीत, वैयक्तिक जमिनीवरील कामांसाठी प्राधान्य असलेल्या घटकांत भूसुधारणेचे लाभार्थी आणि वनहक्कधारक यांचा स्वतंत्र उल्लेख करण्यात आला.

जमीन आणि पाणी

दादासाहेब गायकवाड यांच्याच नावाने राज्यात २००४-०५ पासून सबळीकरण व स्वाभिमान योजना राबविली जाते. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर जिरायती किंवा २ एकर बागायती जमीन खरेदी करून देण्याची तीत तरतूद आहे. पूर्वी निम्मी रक्कम अनुदान व निम्मी बिनव्याजी कर्ज असे स्वरूप होते. २०१८ मध्ये योजना १०० टक्के अनुदानाची करण्यात आली. खरेदीदराची कमाल मर्यादा जिरायतीसाठी एकरी ५ लाख व बागायतीसाठी एकरी ८ लाख रुपये ठरविण्यात आली. जमीन पती-पत्नी दोघांच्या नावे, तर विधवा व परित्यक्ता महिलांच्या बाबतीत त्यांच्याच नावे होते. लाभार्थ्याला ती विकता येत नाही. ती स्वतः कसणे बंधनकारक आहे.

सिंचनासाठी २०१७ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना, तर अनुसूचित जमातींना बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना लागू आहे. नव्या विहिरीसाठीचे अनुदान २०२४ मध्ये अडीच लाखांवरून ४ लाख रुपये करण्यात आले. विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर जमीन नावावर असावी लागते.

कर्ज आणि 'वर्ग-२'चा शेरा

वाटपात मिळालेली जमीन साधारणतः 'भोगवटादार वर्ग-२' म्हणून नोंदली जाते. कमाल जमीनधारणा कायद्यानुसार मिळालेल्या जमिनीचे हस्तांतरण किंवा विभाजन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीविना करता येत नाही. यामुळे जमीन सावकाराच्या हाती जाण्यापासून वाचते. मात्र तिचे तारणमूल्य घटते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ३६ मध्ये सहकारी संस्था व बँकांकडे जमीन गहाण ठेवून कर्ज घेण्याची सोय आहे. परवानगीची अट म्हणजे कर्जालाच बंदी, असा अर्थ होत नाही.

किसान क्रेडिट कार्डावर ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्के दराने मिळते. मुदतीत फेड केल्यास प्रत्यक्ष व्याज ४ टक्के पडते. १ जानेवारी २०२५ पासून विनातारण कृषी कर्जाची मर्यादा १.६ लाखांवरून २ लाख रुपये झाली आहे. वर्ग-२ जमीनधारकांसाठी ही वाढ विशेष उपयोगाची आहे.

तारखेची अडचण

पंतप्रधान किसान सन्मान निधीतून वर्षाला ६ हजार रुपये मिळतात. पात्रतेसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही निर्णायक तारीख ठरविण्यात आली आणि त्यानंतरच्या मालकीबदलांत केवळ मालकाच्या मृत्यूमुळे वारसांकडे आलेल्या जमिनीचा अपवाद ठेवण्यात आला. राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी योजना याच यादीवर आधारित असून तीतून आणखी ६ हजार रुपये दिले जातात. परिणामी, या तारखेनंतर खरेदीने जमीन नावावर आलेले कुटुंब दोन्ही मिळून वर्षाला १२ हजार रुपयांच्या मदतीबाहेर राहते. ज्यांच्याकडे शेतीचे भांडवल सर्वांत कमी, त्यांनाच ही अट जाचते.

वनहक्क आणि दिल्लीचा कायदा

वनहक्क कायदा, २००६ नुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्यातील वनजमिनीवर कमाल ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. तो वारसाहक्काने पुढे जातो. पण जमीन विकता येत नाही.

राजधानीतही हक्काच्या प्रकाराला असेच महत्त्व आहे. दिल्ली भूसुधारणा अधिनियम, १९५४ मध्ये गावसभेची पडीक जमीन 'असामी' म्हणून ५ वर्षांसाठी देण्याची आणि ती लागवडीखाली आणणाऱ्यास 'भूमिधर' हक्क देण्याची तरतूद आहे. मात्र दिल्ली महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ५०७ नुसार गाव शहरी घोषित झाले की तेथे हा कायदा लागू राहत नाही.

लाभार्थ्यांनी काय तपासावे

वाटपाचा आदेश किंवा खरेदीखत हाती येताच फेरफार नोंद मंजूर झाली का, सातबाऱ्यावर पती-पत्नी दोघांची नावे आली का, इतर हक्कांच्या रकान्यात कोणता शेरा आहे, हे पाहणे आवश्यक आहे. राज्यात २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक असून तो भूमी अभिलेखाशी जोडलेला आहे. त्यामुळे सातबाऱ्यावरील चूक वेळेत दुरुस्त न झाल्यास विहिरीचा अर्ज आणि अनुदान दोन्ही अडतात.