बडोद्याचे शिल्पकार, लंडनचे चित्रकार : सदानंद बाकरे

सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १९२० साली जन्मलेल्या सदानंद बाकरे यांचे नाव आज मराठी वाचकाला सहसा आठवत नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिल्पकलेचे शिक्षण घेतलेले बाकरे १९४७ साली स्थापन झालेल्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’च्या सहा संस्थापकांपैकी एक, आणि त्या सहांतील एकमेव शिल्पकार होते. सूझा, रझा, हुसेन, आरा आणि गाडे हे उरलेले पाच.

या सहांपैकी तिघांनी अल्पावधीतच देश सोडला. गोव्यातील साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला आणि बाकरे १९५१ मध्ये लंडनला. योगायोग असा, की १९५० मध्येच बडोद्याच्या विद्यापीठात ललितकला शाखा उभी राहत होती. इतर प्रांतांतून कलावंत बडोद्याकडे येऊ लागले, त्याच सुमारास बडोद्याचा हा सुपुत्र सातासमुद्रापार निघून गेला.

१९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यामुळे राष्ट्रकुलातील प्रजाजनांना इंग्लंडचे दार उघडे होते. १९६२ च्या कायद्याने ते बरेचसे लोटले गेले. दार उघडे असले, तरी घरात पाट मांडलेला नव्हता. सूझा यांनाही सुरुवातीची वर्षे हलाखीत काढावी लागली. १९५५ मध्ये ‘एन्काउंटर’ मासिकात त्यांचा आत्मपर लेख आला, त्याच वर्षी ‘गॅलरी वन’मध्ये प्रदर्शन भरले आणि दैव पालटले. त्यांच्या चित्रांतील क्रूसविद्ध येशू आणि विद्रूप संत पाहताना गोव्यातील चर्चच्या छायेत गेलेले बालपण विसरता येत नाही. परमुलखात गेलेला कलावंत गाव मागे टाकून जातो, ही समजूत सूझांच्या बाबतीत तरी सर्वस्वी खोटी ठरते. त्यांचे सावत्र बंधू लॅन्सलॉट रिबेरो हेही लंडनला स्थायिक झाले. १९६३ मध्ये तेथील भारतीय चित्रकारांची जी संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. एकेकट्याला कोणी विचारीत नाही, हे ध्यानी आल्यावाचून माणसे संघटना काढीत नाहीत.

बाकरे यांच्या वाट्याला सूझांचे दैव आले नाही. लंडनमध्ये ते चित्रकलेकडे वळले. शिल्पाला ऐसपैस जागा, साहित्य आणि ओतकामाचा खर्च लागतो. नवख्या शहरात चित्र त्यामानाने सुलभ. तरीही त्यांच्या चित्रांतील ठाशीव, कोनाकोनांच्या आकारांत शिल्पकाराचा हात लपत नाही. जवळजवळ पाव शतक तेथे घालवून १९७५ मध्ये ते परतले. मात्र मुंबईच्या कलावर्तुळात न शिरता कोकणात दापोलीजवळच्या मुरुड-हर्णै येथे एकांतात राहिले. इकडच्या इतिहासाने त्यांना तिकडचे मानले आणि तिकडच्या इतिहासाने तर त्यांची नोंदच घेतली नाही.

ही उपेक्षा एकट्या बाकऱ्यांची नव्हती. कराचीहून लंडनला गेलेले रशीद अराईन यांनी या अन्यायाविरुद्ध अनेक वर्षे लेखणी चालविली. अखेर १९८९ मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत त्यांनी ‘द अदर स्टोरी’ हे प्रदर्शन भरविले. युद्धोत्तर ब्रिटनमधील आशियाई, आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या चोवीस कलावंतांच्या कलाकृती त्यात होत्या. सूझा होते, अविनाश चंद्र होते, सिमल्यात जन्मलेले अन्वर जलाल शेमझा आणि श्रीलंकेचे आयव्हन पेरीसही होते. काही इंग्रज समीक्षकांनी प्रदर्शनाची कुचेष्टा केली. पण वगळलेल्यांचा इतिहास प्रथमच एका मोठ्या सरकारी कलादालनात मांडला गेला.

त्या चोवीस नावांत बाकरे नव्हते.

सूझा २००२ मध्ये मुंबईत निवर्तले. त्यांचे १९५५ चे ‘बर्थ’ हे चित्र २०१५ मध्ये चाळीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. बाकरे यांचे निधन डिसेंबर २००७ मध्ये मुरुड येथे झाले.