डांबरी रस्त्यांचा पुनर्वापर

जुन्या डांबरी रस्त्याचा थर खरवडून काढणे, त्यातील खडी आणि तिला चिकटलेले बिटुमेन यांचे गुण तपासणे आणि तोच माल नव्या थरात वापरणे, अशी ही रस्तेबांधणीची पद्धत आहे. खरवडून निघालेल्या मालाला अभियंते ‘रॅप’ म्हणतात. त्यात वजनाने साधारण ४ ते ६ टक्के बिटुमेन असते. बाकी सगळी खडी, कच आणि भुकटी. खडीसाठी डोंगर फोडावा लागतो, तर बिटुमेन खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. भारत बहुतांश खनिज तेल आयात करतो आणि बिटुमेनही मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो. तरीही आपल्याकडे खरवडलेला माल अनेकदा साइडपट्टीत किंवा खड्ड्यात भराव म्हणून जातो. ही उधळपट्टी आहे.

शहरांत जुना थर खरवडण्याचा आणखी एक उपयोग होतो. जुना थर न काढता त्यावर नवा थर टाकत गेल्याने रस्त्याची पातळी दर डांबरीकरणाला वाढते. काही वर्षांत घरांची जोती आणि दुकानांचे उंबरे रस्त्याखाली जातात, गटारांची झाकणे खोल पडतात आणि पावसाळ्यात पाणी घरात शिरते. जेवढा थर टाकायचा तेवढा आधी मिलिंग यंत्राने खरवडला, तर पातळी जागच्या जागी राहते.

अमेरिकेत १९१५ च्या सुमारास जुना थर पुन्हा वापरल्याच्या नोंदी सापडतात, पण पद्धत रुजली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर. बिटुमेन महागले आणि त्याच दशकात रस्ता न तापवता खरवडणारी यंत्रेही आली. आज अमेरिकेत नव्या मिश्रणात सरासरी पाचवा हिस्सा जुना माल असतो, जपानमध्ये जवळपास निम्मा. भारतीय रस्ते महासभेने २०१५ मध्ये ‘आयआरसी:१२०’ ही मार्गदर्शिका काढली.

खरी अडचण जुन्या बिटुमेनची आहे. ऊन आणि हवा यांमुळे त्याचे ऑक्सिडीकरण होते, तेलकट घटक घटतात, अस्फाल्टीनचे प्रमाण वाढते आणि ते कडक, ठिसूळ बनते. असा माल नुसता तापवून पसरला तर रस्त्याला लवकर भेगा पडतात. म्हणून त्यात मऊ प्रतीचे नवे बिटुमेन किंवा पुनरुज्जीवक तेल मिसळतात. अमेरिकेतील प्रचलित संकेतानुसार १५ टक्क्यांपर्यंत रॅप असेल तर नव्या बिटुमेनची प्रत बदलावी लागत नाही. १५ ते २५ टक्क्यांना एक पायरी मऊ प्रत घेतात आणि त्यापुढे प्रयोगशाळेत मिश्रण ठरवतात.

हॉट मिक्स प्लांटमध्ये रॅपला थेट ज्योत लागू देत नाहीत. ती लागली तर बिटुमेन जळून निळसर धूर निघतो. नवी खडी नेहमीपेक्षा जास्त तापवून तिच्या उष्णतेने रॅप तापवतात. रॅप ओला असेल तर बरेचसे इंधन पाणी उडवण्यातच खर्च होते. त्यामुळे कोकणासारख्या पावसाळी भागात रॅपच्या ढिगावर छप्पर घालणे हा चैनीचा खर्च नव्हे. वेगवेगळ्या रस्त्यांचा माल एकाच ढिगात ओतला, तर केलेल्या चाचण्यांना अर्थ उरत नाही. माझ्या मते या पद्धतीचे यश यंत्रापेक्षा या ढिगाच्या शिस्तीवर जास्त ठरते.

थंड पद्धतीत माल तापवावाच लागत नाही. गरम बिटुमेनमध्ये थोडे पाणी सोडले की ते फेसाळून कैक पट फुगते आणि गार, ओलसर खडीतही मिसळते. बिटुमेन फेसाळवण्याची कल्पना आयोवा स्टेट विद्यापीठातील लॅडिस चान्यी यांनी १९५६ मध्ये मांडली. ‘फुल डेप्थ रिक्लेमेशन’मध्ये डांबरी थर खालच्या खडीथरासह जागीच भुगा करतात, सिमेंट वा अन्य स्थिरक मिसळतात आणि रोलरने दाबतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत उत्तर प्रदेशाने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. या पद्धतीत खडीच्या गाड्यांच्या फेऱ्या खूप कमी होतात.

जुन्या थराखेरीज इतर टाकाऊ मालही रस्त्यात वापरतात. त्यांपैकी टाकाऊ प्लास्टिकच्या वापराला मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील राजगोपालन वासुदेवन यांनी चालना दिली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. तापलेल्या खडीवर प्लास्टिकचे तुकडे टाकतात, ते वितळून तिच्यावर पातळ लेप बसतो आणि मग बिटुमेन मिसळतात. पीव्हीसी मात्र चालत नाही, कारण तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. असा रस्ताही पुढे कधीतरी खरवडला जाणार, म्हणून त्यात काय मिसळले याची नोंद टिकली पाहिजे.

पोलाद कारखान्यातील धातुमळी खडीऐवजी वापरता येते. सुरतजवळ हजिरा येथे २०२२ मध्ये तिचा सहापदरी रस्ता झाला. मुंबई-गोवा महामार्गाच्या एका टप्प्यातही ती वापरली आहे. ताज्या मळीतील मुक्त चुना पाणी लागताच फुगतो आणि रस्ता वर उचलला जातो. म्हणून ती आधी उघड्यावर मुरवतात किंवा तिच्यावर वाफेची प्रक्रिया करतात.