बेळगावच्या विहिरी
शहराची पाण्यातील स्वयंपूर्णता राखणारी जुनी साधने. खडेबाजार व लगतच्या गल्ल्यांतील जुन्या घरांच्या परसात अरुंद आड असत; रहाटाने पाणी शेंदून घर, झाडे, जनावरे यांची गरज भागे. सच्छिद्र जांभ्यातून पावसाचे पाणी झिरपून आडांत उतरते, म्हणून वापरत्या आडाला पाणी टिकते; पाणी उपसणे थांबले की गाळ साचतो.

महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालील १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर सर्वांत प्रसिद्ध. राकसकोप जलाशयाचे नळपाणी आल्यावर अनेक आड कचऱ्याने बुजले, ही शहराची मोठी हानी. १९९० च्या दशकातील टंचाईनंतर महापालिकेने गाळ काढून काही सार्वजनिक विहिरी पुन्हा वापरात आणल्या.