आकाशातली जागल

दिल्ली आणि बेंगळुरू ही दोन शहरे नकाशावर सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा नांदेडच्या अगदी जवळून जाते. मुंबई आणि विशाखापट्टणम् जोडले, तर लातूरजवळून जाते. प्रत्यक्षातले हवाई मार्ग इतके सरळ नसतात, हे खरे. तरीही मराठवाड्यावरून जाणारी बहुतेक विमाने येथे चढत नसतात आणि उतरतही नसतात. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, ताशी आठशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने ती नांदेड-लातूर हे अंतर आठ-नऊ मिनिटांत कापू शकतात. प्रवासाच्या या मधल्या टप्प्याला वैमानिक 'क्रूझ' म्हणतात. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेत हैदराबाद-नांदेड सेवा सुरू झाली. पण एवढ्या छोट्या प्रवासात चढण संपते न संपते तोच उतरण्याची तयारी सुरू होते. विमानवाहतुकीचा जो भाग या प्रदेशाच्या वाट्याला सर्वाधिक आला, तो डोक्यावरून जाणारा हा मधला भागच होय.

या मधल्या काळात कॉकपिटमधली दोन माणसे नेमके काय करतात? सर्वसाधारण समजूत अशी, की काहीच नाही. विमान यंत्र चालवते, ही माणसे बसून असतात. ही समजूत चुकीची आहेच, पण तिच्यामागे इतिहासाभ्यासकाला आणि साहित्याच्या वाचकालाही विचार करायला लावणारा एक प्रश्न दडलेला आहे. ज्या कामात काहीही घडू न देणे हेच यश असते, त्या कामाचा इतिहास कोणत्या पुराव्यावर लिहायचा?

आरंभी हा प्रश्न नव्हता, कारण काम डोळ्यांना दिसत होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, तेव्हा त्यांच्या छोट्या 'पस मॉथ' विमानात रेडिओ नव्हता. हात दांड्यावर आणि नजर जमिनीवर, हेच त्या प्रवासाचे स्वरूप होते. जुहूहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. त्या काळच्या वैमानिकाला 'मधला टप्पा' असा वेगळा नव्हताच. विमान सारा वेळ हातानेच चालवायचे होते.

१९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई, आणि विमाने आपापल्या गावी परतत. मुंबई-नागपूर ही सरळ रेषा त्या काळच्या औरंगाबादवरून जाते. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. खाली अंधारात ज्वारीच्या शेतांत माळ्यावर बसून माणसे जागल करीत असतील, आणि वर टपालाचे विमान जात असेल. एकमेकांना न ओळखणारे हे दोन रात्रपाळीवाले एकाच जातीचे काम करीत होते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

लांबच्या प्रवासाची गोष्ट निराळी होती. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्या पिढीच्या विमानांत दोन वैमानिकांखेरीज नॅव्हिगेटर, रेडिओ ऑफिसर आणि फ्लाइट इंजिनिअर असे तिघे असत. नॅव्हिगेटर सेक्स्टंटने ताऱ्यांची उंची मोजून विमान कोठे आहे ते ठरवी, रेडिओ ऑफिसर दूरच्या केंद्रांशी संपर्क राखी, इंजिनिअर इंधन आणि इंजिनांचा हिशेब पाही. मधला टप्पा म्हणजे तेव्हा पाच माणसांचे अखंड चालणारे कार्यालयच होते.

पुढचा इतिहास या खुर्च्या रिकाम्या होत गेल्याचा आहे. दूर अंतरावर थेट बोलता येऊ लागले, तसा रेडिओ ऑफिसर गेला. १९७१ साली एअर इंडियाकडे बोइंग ७४७ आले. स्वतःची जागा स्वतःच मोजत राहणारी यंत्रणा त्यात असल्याने ताऱ्यांकडे पाहणाऱ्या माणसाची गरज उरली नाही. १९८६ साली ताफ्यात आलेल्या एअरबस ए-३१० मध्ये फ्लाइट इंजिनिअरची खुर्चीही नव्हती. उरले दोघे, आणि त्यांच्या हातचे बरेचसे काम ऑटोपायलटकडे गेले.

मग उरले काय? उरली ती जागल. दोघांपैकी एक उड्डाणाची सूत्रे सांभाळतो आणि दुसरा त्याच्यावर व यंत्रांवर लक्ष ठेवतो. हा 'दुसरा' दुय्यम नव्हे, त्याचे पाहणे हेच त्याचे काम. मार्गावरच्या प्रत्येक ठरलेल्या बिंदूवर वेळ आणि उरलेले इंधन कागदावरच्या अंदाजाशी ताडून पाहायचे. पुढे ढगांचे मनोरे उभे असतील, तर रडारवर त्यांच्यातून वाट शोधायची, नाही तर वळसा मागायचा. एका नियंत्रण कक्षाचा निरोप घेऊन दुसऱ्याच्या फ्रीक्वेन्सीवर जायचे. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते. पण १६ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबईहून लंडनला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानाचा जर्मनीवर असताना संपर्क तुटला, तेव्हा जर्मन हवाई दलाची लढाऊ विमाने वर आली होती. आणि या सर्वांच्या मागे एक प्रश्न सतत चालू असतो: या क्षणी इंजिन बंद पडले, एखादा प्रवासी अत्यवस्थ झाला, तर उतरायचे कोठे? नांदेडवरून जाणाऱ्या वैमानिकाच्या मनात या प्रश्नाचे उत्तर म्हणून हैदराबाद असेल, नागपूर असेल. घडले नाही तर ते उत्तर कोठेही उमटत नाही.

येथे पुराव्याचा प्रश्न पुन्हा समोर येतो. कॉकपिटमधले बोलणे टिपणारे यंत्र १९५०च्या दशकात ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉरन यांनी विकसित केले. दीर्घकाळ वापरात असलेली ही यंत्रे शेवटचा अर्धा तासच जपून ठेवीत. यंत्र फिरत राही आणि जुने बोलणे पुसत नवे लिहीत जाई. विमान सुखरूप उतरले, की पुढच्या प्रवासात सारे पुसले जाई; विमान पडले, तरच ते वाचले जाई. अर्थात अर्ध्या तासाच्या त्या दप्तरात बहुधा उतरण्याचेच बोलणे सापडे, मधला टप्पा त्यात क्वचितच येई. दोन तासांची यंत्रे आली, तेव्हा कुठे क्रूझमधली शांतता कानांवर पडू लागली. आता नव्या मोठ्या विमानांसाठी पंचवीस तासांच्या मुद्रणाचा नियम आला आहे.

या शांततेचा आपल्याकडचा सर्वांत दुःखद दस्तऐवज २०१० सालचा आहे. २२ मे रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. सुमारे दोन तासांच्या मुद्रणात पहिली एक तास चाळीस मिनिटे दोन वैमानिकांत संभाषण नव्हते. कॅप्टनच्या घोरण्याचे आवाज होते. झोपेतून उठल्यानंतरची ग्लानी त्याच्या पुढच्या निर्णयांवर सावली टाकून गेली असावी, असा निष्कर्ष निघाला. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याविषयी तीनदा सांगितले होते.

हा अहवाल आपण कसा वाचतो? बहुतेकांना आठवते ते घोरणे. वृत्तपत्रांनीही तेच उचलले. परंतु त्याच मुद्रणात आणखी एक आवाज आहे: त्या साऱ्या काळात रेडिओवर नियंत्रण कक्षांशी बोलत राहिलेल्या सहवैमानिकाचा. शेजारी कॅप्टन झोपलेला असताना तो जागल करीत होता. शोकांतिकेच्या वाचनात हा आवाज सहज निसटतो, कारण तो नेहमीचा आहे, त्यात नाट्य नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी दुबईहून पुण्याला येणाऱ्या त्याच कंपनीच्या विमानात याची दुसरी बाजू दिसली. विमान ३७,००० फुटांवर होते. कॅप्टन स्वच्छतागृहात गेला. पंचवीस वर्षांचा सहवैमानिक आपली खुर्ची पुढे घेत असताना त्याचा धक्का दांड्याला लागला, विमानाचे नाक खाली झुकले, आणि त्याला ते सावरता येईना; दारही उघडता येईना. कॅप्टन आपत्कालीन संकेतांक वापरून आत आला आणि त्याने विमान सावरले. तोवर सुमारे सात हजार फूट उंची गेली होती. विमान पुण्याला सुखरूप उतरले. मधला टप्पा 'रिकामा' असतो, ही समजूत खोटी ठरायला एवढा काळही पुरे होता.

मध्ययुगीन महाराष्ट्राच्या अभ्यासकांना ही पुराव्याची अडचण परिचित आहे. सामान्य कुणब्याचे, पाटलाचे, बलुतेदाराचे बोलणे आपल्यापर्यंत पोचले ते बव्हंशी महजर आणि करिन्यांतून, म्हणजे वतनाचा तंटा उभा राहिला तेव्हा. ज्या गावात तंटा झाला नाही, ते गाव दप्तरात मुके राहिले. म्हणून त्या काळची माणसे सदोदित भांडतच होती, असा निष्कर्ष शहाणा इतिहासकार काढीत नाही. तो तंट्याच्या कागदातच ओझरते आलेले रोजचे जगणे शोधतो: कोणते पीक, कोणती वाट, कोणाची साक्ष.

कॉकपिटच्या कागदांनाही हाच न्याय लावावा लागेल. अपघाताचा अहवाल दोषाच्या शोधासाठी लिहिलेला असतो आणि त्या कामी तो मोलाचा आहे. एका ठिकाणच्या चुकीवरून हजार ठिकाणच्या पद्धती सुधारल्या आहेत. परंतु तो वैमानिकांच्या जीवनाचे चित्र म्हणून वाचला, तर आपल्याला झोपलेला किंवा घाबरलेला वैमानिकच तेवढा दिसेल. ज्याने इंधनाचा आकडा ताडून पाहिला, वादळाला वळसा घातला, सहकाऱ्याची चूक वेळीच बोलून दाखवली, त्याचे सारे बोलणे पुढच्या उड्डाणात पुसले गेले.

शेतकऱ्याच्या जागलीचेही असेच आहे. रानडुकरांनी उभे पीक लोळवले, तर त्या रात्रीची गोष्ट गावात वर्षानुवर्षे सांगितली जाते. ज्या रात्री पीक वाचले, तिची गोष्ट कोणी सांगत नाही. सकाळी शेत जसेच्या तसे उभे असते, एवढाच तिचा पुरावा.