पाच टोकांचा तारा : सोमाली अस्मिता आणि सीमारेषा

१ जुलै १९६० रोजी ब्रिटिश व इटालियन सोमालीलँड एकत्र येऊन सोमालियाचे प्रजासत्ताक अस्तित्वात आले. त्याच्या ध्वजावरील ताऱ्याची दोन टोके या प्रदेशांची होती; उरलेली तीन मात्र फ्रेंच सोमालीलँड, केनियाचा उत्तर सीमाप्रांत आणि इथिओपियातील ओगादेन यांची, म्हणजे सीमेपलीकडची होती. राष्ट्राची कल्पना अशा रीतीने राष्ट्राच्या भूमीहून मोठी ठरली. वसाहतकालीन सीमा मान्य करणारा आफ्रिकी ऐक्य संघटनेचा १९६४चा ठराव सोमालियाने नाकारला, तो या कल्पनेपोटीच. १९७७-७८च्या ओगादेन युद्धातील पराभवानंतर मात्र, बाहेरील शत्रूवर पोसलेली ही एकात्मता कुळाकुळांत दुभंगू लागली.

नुरुद्दीन फराह यांच्या ‘मॅप्स’ (१९८६) या कादंबरीत हा पेच घरात शिरतो. ओगादेनमधील पोरका अस्कर जिच्या मायेत वाढतो, ती मिस्रा ओरोमो आहे. नकाशा आपलासा करताच आईच परकी ठरते. स्त्रीदेहाचे आणि भूमीचे परंपरागत समीकरण फराह येथे संशयास्पद करून ठेवतात.

१९९१मध्ये सोमालियाची राज्यसत्ता कोसळली. सोमालीलँडने स्वातंत्र्य घोषित केले, ते जुन्या ब्रिटिश वसाहतीच्या सीमांच्याच आधारे. जी रेषा पुसण्याच्या आकांक्षेतून राष्ट्र घडले, तिच्याच आधाराने त्याचा एक भाग वेगळा झाला.