पहिला सॉफ्टवेअर सिंथेसायझर: प्रस्तावना

इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळणाऱ्या नव्या माणसाला आज पैशांपेक्षा निवडीची अडचण जास्त आहे. लॅपटॉप आणि बरे हेडफोन हाताशी असले की शेकडो सॉफ्टवेअर सिंथेसायझर समोर उभे राहतात, आणि त्यांतले कितीतरी फुकट मिळतात. जाहिरातींत प्रीसेटचे मोठमोठे आकडे असतात. नवशिका एकामागून एक डाउनलोड करत राहतो आणि रचना एकही पुरी होत नाही. म्हणून या पुस्तकाचा आग्रह सुरुवातीलाच सांगतो: सिंथेसायझर निवडावा तो आवाज कोणत्या रीतीने घडवतो हे पाहून. तयार आवाजांची यादी नंतर बघितली तरी चालते.

या रीती मोजक्या आहेत आणि बहुतेक जुन्या आहेत. संगणकाने संगीत घडवण्याची गोष्ट १९५७ सालची. बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी लिहिलेल्या प्रोग्रामवर आयबीएम ७०४ या संगणकाने न्यूमन गटमन यांची १७ सेकंदांची रचना वाजवली. आवाज म्हणजे आकड्यांची रांग, हे तेव्हा सिद्ध झाले. आजचा प्रत्येक प्लगइन त्याच पायावर उभा आहे.

पहिली रीत वजाबाकीची. रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून बांधलेली यंत्रे आणि १९७० चा मिनिमूग हे तिचे घराणे. ऑसिलेटरमधून सॉ तरंग घ्यायचा. त्यात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सगळ्या कंपनसंख्यांचे उपस्वर असतात. मग फिल्टर लावून वरचे उपस्वर कापत न्यायचे आणि ते कापणे काळाबरोबर कसे बदलावे हे एन्व्हेलपने ठरवायचे. कान तयार व्हायला याहून चांगली शाळा नाही, कारण नॉब फिरवला की काय गेले आणि काय उरले ते लगेच ऐकू येते.

दुसरी रीत एफएमची, आणि तिच्यापाशी जरा थांबले पाहिजे. १९६७ साली स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग व्हायब्रॅटोचा वेग वाढवत होते. एका टप्प्यानंतर कंप असा ऐकू येईना. त्याच्या जागी आवाजाचा रंगच पालटला. २०० हर्ट्झच्या साध्या साइन तरंगाला २८० हर्ट्झच्या दुसऱ्या साइनने हलवून पाहा. ४८०, ७६०, ८०, ३६० असे नवे स्वर उमटतात. यांतला एकही २०० च्या पटीत बसत नाही, म्हणून कानाला तो घंटेसारखा धातूचा नाद वाटतो. हलवणारा तरंगही २०० हर्ट्झचाच ठेवला तर सगळे उपस्वर पटीत येतात आणि नाद पितळी वाद्यांकडे झुकतो. केवळ एक प्रमाण बदलले की वाद्याची जात बदलते! यामाहाने १९८३ च्या डीएक्स७ मध्ये हे तंत्र घरोघरी नेले, पण ते इतके आडवळणाचे होते की बहुतेकांनी तयार आवाजांवरच भागवले. आज डेक्स्ड नावाचा फुकट प्लगइन तेच यंत्र पडद्यावर आणतो. त्यात १.४० हे प्रमाण लावून ही घंटा स्वतः घडवता येते.

तिसरी रीत वेव्हटेबलची: तरंगांच्या अनेक आकृत्या ओळीने ठेवायच्या आणि वाजताना एकीतून दुसरीत सरकायचे. जर्मनीत वोल्फगांग पाल्म यांनी ती रुजवली. २०१४ च्या सीरमने आणि २०२० च्या व्हायटलने ती तरुणांच्या हाती दिली.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट जरूर तपासावी, कारण आपल्यापैकी अनेकांचे कान तानपुऱ्यावर वाढलेले असतात. खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार षड्जाशी ५:४ या प्रमाणात असतो. सप्तकाचे १२ समान भाग करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा लागतो. षड्ज लांब धरून ठेवला की हा फरक खुपतो. सर्ज एक्सटी, डेक्स्ड आणि व्हायटल हे तिन्ही स्काला पद्धतीच्या फाइली वाचतात. त्यामुळे आपल्या रागाचे सूर आपण स्वतः लावून घेऊ शकतो. ही सोय नसलेला सिंथेसायझर कितीही गाजलेला असो, रागसंगीत करणाऱ्याने तो पहिला म्हणून घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

राग आणि सिंथेसायझर यांची गाठ मुंबईत जुनीच आहे. १९८२ साली चरणजित सिंग यांनी रोलँडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग बांधून तबकडी काढली. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची ३०३ मधली सोय मींडेच्या किती जवळ जाते, हे त्या ध्वनिमुद्रणात ऐकावे.

यंत्राची परीक्षाही घ्यावी. सॉ तरंगाचा खूप वरचा सूर लावून पिच हळूहळू चढवा. सूर चढत असताना मागून एखादा परका स्वर उलट उतरत गेला, तर त्या प्लगइनचे गणित कच्चे आहे. दुसरी परीक्षा विलंबाची. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला ५१२ चा बफर म्हणजे सुमारे ११.६ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे ३ हूनही कमी. लहान बफरवर आवाज तुटू लागला तर तो सिंथेसायझर तुमच्या लॅपटॉपला जड आहे.

शेवटी आयुष्याचा प्रश्न. प्लगइन बनवणारा थांबला की जुने प्रकल्प उघडेनासे होतात. सर्जचे नशीब वेगळे निघाले. क्लेस योहान्सन यांनी २०१८ मध्ये त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला आणि स्वयंसेवकांनी तो वाढवून सर्ज एक्सटीपर्यंत आणला. वर सांगितलेल्या तिन्ही रीती त्यात एकत्र आहेत, सूर लावण्याची सोय आहे, आणि तो फुकट आहे.

म्हणून माझी शिफारस सर्ज एक्सटीची. पुढचे प्रकरण उघडण्याआधी तो उतरवून घ्या, टेम्प्लेट्समधला ‘इनिट सॉ’ निवडा, फिल्टर सुरू करा आणि त्याचा एकच कटऑफ फिरवत अर्धा तास ऐका. प्रीसेटची यादी तोवर उघडू नका.