घराण्याचा इतिहास : वह्या, पत्रे आणि छायाचित्रे

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो वाई येथे मिळालेल्या जुन्या कागदपत्रांच्या आधारे. घराघरांत पडून असलेल्या दप्तरांचे मोल त्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिले. व्यापारी घराण्यांचा इतिहासही असाच वह्यांत, हुंड्यांत आणि पोस्टकार्डांत दडलेला असतो.

वडिलांच्या पश्चात माझ्याकडे आलेल्या ट्रंकेत दुकानाच्या रोजकीर्दी, खतावण्या, काही पत्रे आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले एक कौटुंबिक छायाचित्र होते. घरात चालत आलेली हकीकत अशी की, १९१८ च्या मानमोडीच्या साथीत पणजोबा निवर्तले आणि त्यांच्या धाकट्या बंधूंनी कापडाचे दुकान सावरले. छायाचित्रात मधल्या खुर्चीवर तेच बसले आहेत. पणजी त्यात कोठेही नाही.

मोडी जाणणाऱ्या एका वयोवृद्ध शिक्षकांकडून रोजकीर्द वाचून घेतली. संवत १९७५, शके १८४०, पौष महिन्याच्या पानावर जमेच्या बाजूस ‘वहिनींच्या पाटल्या मोडून’ आलेली रक्कम आहे आणि त्याच दिवशी नावे बाजूस पेढीचे देणे फेडल्याची नोंद आहे. हस्ताक्षर धाकट्या बंधूंचेच. त्यांनी श्रम केले हे खरेच. पण भांडवल वहिनींचे होते, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले. विसर पडला तो पुढच्या पिढ्यांना.

काळ ठरविताना मात्र दक्षता हवी. व्यापाऱ्यांच्या वहीतील संवत दिवाळीनंतर बदलतो. त्यातून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ व जानेवारीपासून ५६ वजा करावे लागतात. शकात डिसेंबरअखेरपर्यंत ७८ व त्यानंतर चैत्रापर्यंत ७९ मिळवावे लागतात. वरील नोंदीस दोन्ही रीतींनी १९१९ हेच वर्ष येते. म्हणजे साथीनंतर अवघ्या काही महिन्यांतील हा व्यवहार. तारीख नसलेल्या कागदांवरही खुणा असतात. रुपये-नये पैशांतील हिशेब १ एप्रिल १९५७ च्या आधीचा नसतो. पोस्टकार्डावरील राजाची छबी व टपालाचा शिक्का काळ सांगतात. छायाचित्राच्या पुठ्ठ्यावर अनेकदा छायाचित्रकाराचे नाव व गाव छापलेले असते.

छायाचित्र कोण कोठे बसले ते दाखविते. कोणी काय दिले ते वही सांगते. म्हणून दोन्ही साधने एकमेकांशी ताडून पाहावीत.

वाचक बंधु-भगिनींना नम्र विनंती की, दिवाळीच्या साफसफाईत जुन्या वह्या रद्दीत देण्यापूर्वी त्या एकदा जाणकारास दाखवाव्यात. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे व नाते लिहावे. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः आजी व आत्या यांना, समोर बसवून चेहरे ओळखून घ्यावेत. कागद शंभर वर्षे टिकतो. त्यातील माणसे ओळखणारे डोळे तेवढे टिकत नाहीत. आमच्या वंशावळीत आता पणजीचे नाव पणजोबांच्या शेजारी लिहिले असून त्याखाली त्या पौषातील नोंदही उतरवून ठेवली आहे.